तीन नंबरचं घुंगरू

मंदाताई काळबांडे यांनी पहिल्याच ओळखीत माझ्यावर फोन आपटला. नोकरीचं पत्र हातात पडलं होतं आणि किती वाजता हजर व्हायचं एवढंच मला विचारायचं होतं. "मी पंकज बोलतोय, सिंदी मेघेहून, उद्यापासून तुमच्याकडे..." इतकं होईस्तोवर पलीकडून आवाज आला, "फोन ठेवा, मी करते." आणि खट्. पाच मिनिटांनी फोन वाजला. तेवढ्यात त्यांनी फाइल काढून माझ्या अर्जावरचा नंबर पाहिला होता आणि मी केलेल्या नंबराशी ताडून घेतला होता. "हां, आता बोल. सात वाजता येजो. डबा आणजो, इथं जवळपास काही भेटत नाई."

"फोन ठेवा, मी करते" हे वाक्य पुढची चार वर्षं मी दिवसातून दहादा ऐकलं. कोणीही फोन करून काही करायला सांगितलं की बाई आधी फोन ठेवणार, आपल्या वहीतून त्या माणसाचा नंबर काढणार आणि आपण होऊन लावणार. ओळखीचा, अनोळखी, मोठा, लहान, सगळ्यांना एकच माप. एकदा कंपनीच्या मालकांनी स्वतः फोन केला. बाईंनी ठेवला. परत लावला तर ते मीटिंगमध्ये गेलेले. बाईंनी तिथल्या शिपायाला आत पाठवून विचारायला लावलं, "साहेबांनी मघाशी वर्ध्याले फोन केलता का?" दहा पाहुण्यांसमोर मालकांना कबुली द्यावी लागली. त्या दिवशी आम्हाला वाटलं, आता बाई गेल्या. पण मालक शहाणे निघाले. ते हसले म्हणे.

आमची इमारत वर्ध्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका तेलगिरणीच्या मागे होती. बाहेर पाटी नव्हती. आत चार संगणक, तारेचे दोन टेलिफोन आणि भिंतीभर एक पडदा. त्या पडद्यावर पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बंदराची वीज. बंदराचं नाव सांगायला मला मनाई आहे, आणि मी मंदाताईंचा चेला असल्यामुळे खोदून विचारण्यातही अर्थ नाही.

समुद्रापासून इतक्या लांब कशाला, हा प्रश्न आमच्या प्रत्येक नातेवाइकाला पडायचा. माझ्या आतेभावाने तर "पंकज वर्ध्यात बसून जहाजं चालवतो" असं सांगून माझी दोन चांगली स्थळं घालवली. खरं कारण साधं होतं. बंदराला स्वतःची खोली होतीच. पण वादळ आलं तर बंदर आणि खोली दोन्ही एकदम जाऊ नयेत म्हणून ही जोडीची खोली समुद्रापासून दूर ठेवलेली. तिकडची बंद पडली की ताबा आमच्याकडे. शिवाय वादळापेक्षा मोठी एक भीती होती. बंदराची वीज आता संगणकावर चालते. कोणी हजार कोसांवरून चोरून आत शिरला आणि भलत्या वेळी भलता स्विच पाडला, तर क्रेन हवेत लटकतात, थंड कंटेनरमधली कोळंबी सडते, धक्क्याला लागलेलं जहाज अंधारात राहतं. आणि पाडण्याऐवजी त्याने एखादा स्विच चालू केला, आणि त्या वेळी तिथे आत माणूस काम करत असला, तर काय होतं ते सांगायला नको. असा चोर येऊ नये, आणि आलाच तर त्याच्या हाती काही लागू नये, यासाठी आम्हाला पगार मिळायचा.

मंदाताई आधी आर्वीकडच्या वीज उपकेंद्रात यंत्रचालक होत्या. तिथून निवृत्त झाल्या आणि अनुभवी माणूस म्हणून कंपनीने त्यांना कंत्राटावर घेतलं. राहायच्या बोरगाव मेघेला. मे महिन्यात बाहेर वर्धा भाजून निघत असताना आमच्या खोलीत संगणकांसाठी गारठा केलेला असायचा. ताई स्कूटीवरून तोंडाला फडकं गुंडाळून यायच्या, फडकं सोडायच्या आणि लगेच पिशवीतून स्वेटर आणि मोजे काढून चढवायच्या. डब्यात मुगवड्यांची भाजी. पहिला फोन बंदरात, परब नावाच्या मुख्य वायरमनला. आणि पहिला प्रश्न, "आज काय, भरती का ओहोटी?"

समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. पण उधाणाची मोठी भरती कुठल्या तिथीला आणि भांगाची लहान कुठल्या, हे परबांकडून शिकून त्यांनी पंचांगावर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. मोठ्या भरतीला मोठी जहाजं आत घेतात, तेव्हा विजेची मागणी चढते. एखाद्या दिवशी भरती नसताना आकडा चढला की त्या खुर्चीतून उठून पडद्याजवळ जायच्या. "हे काऊन वाढून राह्यलं?" मग आम्ही सगळे शोधाशोध करणार. दहापैकी नऊ वेळा काही नसायचं. दहाव्या वेळी एकदा खरंच मोजणारं यंत्र बिघडलेलं सापडलं, आणि त्यानंतर दोन वर्षं ताई आम्हाला त्या आठवणीवर पळवत राहिल्या.

मला त्यांचा राग यायचा हे कबूल करतो. मी शिकलेला इंजिनिअर. माझ्याकडे या विषयाची दोन प्रमाणपत्रं. आणि ही बाई मला भिंतीवरच्या खिळ्याबद्दल बोलायची.

खिळ्याची गोष्ट अशी. सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी दुसऱ्या शहरात. त्यांना दुरुस्ती करायची असली की आमच्या चौथ्या संगणकाला एक निळी वायर लावून द्यायची, म्हणजे ते तिकडून आत येऊ शकत. काम झालं की वायर काढायची. ताईंनी त्यासाठी दाराशेजारी, सगळ्यांना दिसेल असा एक खिळा ठोकून घेतला होता. वायर एकतर संगणकाला, नाहीतर खिळ्यावर. "पाहुणा गेला का दार लाव. दार लावलं हे मले डोळ्यानं दिसलं पायजे." येता-जाता त्या खिळ्याकडे बघायच्या, जसं बाकीच्या बायका गॅसकडे बघतात. एकदा एका नव्या मुलाने आपला मोबाइल संगणकाला लावून चार्ज करायला ठेवला. ताईंनी मोबाइल काढला, आपल्या रिकाम्या डब्यात घातला, झाकण लावलं आणि संध्याकाळपर्यंत त्या डब्यावर हात ठेवून बसल्या. पोराच्या फोनला आठवडाभर भाजीचा वास येत होता.

पण त्यांचा खरा हट्ट चाव्यांचा होता.

बंदरात तीन वीजघरं. प्रत्येकातल्या मुख्य स्विचला एक चावी. ती 'दूर' या खुणेवर असली की आम्ही वर्ध्यातून तो स्विच चालू-बंद करू शकतो. 'जागेवर' या खुणेवर फिरवून चावी काढून घेतली की मग वर्ध्यातून काय, जगातून कुठूनही त्या स्विचला हात लागत नाही. आत काम करणाऱ्याने चावी काढून खिशात ठेवायची, असा नियम होताच. पण चावी काढली की नागपूरला बसणाऱ्या आमच्या साहेबांच्या संध्याकाळच्या अहवालात पिवळा ठिपका यायचा, आणि ठिपका आला की साहेबांचा फोन जायचा, "क्यूँ निकाला?" त्या कटकटीपेक्षा चावी भोकातच ठेवून काम उरकलेलं बरं, असं तिकडे चाललं होतं. ताई परबांना रोज विचारायच्या, "चाबी कुठी आहे? खिशात का भोकात?" परब म्हणायचे, "खिशात." ताईंचा विश्वास बसायचा नाही.

मग पोळ्याच्या बाजारात त्या आर्वीला गेल्या आणि बैलाच्या गळ्यातली तीन घुंगरं घेऊन आल्या. एक बारीक आवाजाचं, एक मधलं आणि तिसरं जाड पितळेचं, घुमणारं. प्रत्येकाला लाल दोरा बांधला, दोऱ्याला नंबराची चिठ्ठी लावली आणि रजिस्टर पोस्टाने बंदरात पाठवून दिली. ज्या त्या चावीला बांधायचं. काम सुरू करण्याआधी फोनवर चावी हलवून वाजवायची. घुंगरू बांधलेली चावी भोकात असताना नीट वाजत नाही, मुका ठोका येतो, हे त्यांनी आमच्या कपाटाच्या चावीवर आधी करून पाहिलं होतं.

परबांचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होतो. "ताई, आम्ही काय बैल आहोत काय?"

"बैल असते तं मले येवढं सांगा लागलं नसतं," ताई म्हणाल्या. "एक नंबर वाजव."

बंदरातली माणसं त्या चाव्यांना 'वर्ध्याची बैलजोडी' म्हणायला लागली. तीन असून जोडी का, ते त्यांनाच ठाऊक. पण वाजवायला लागली. ताई डोळे मिटून ऐकायच्या. एकदा परबांनी गंमत म्हणून दोन नंबर सांगून एक नंबर वाजवली, तर इकडून आवाज चढला, "माह्यासंग मस्करी नको करू! जिवाची गोष्ट आहे!" त्यानंतर परबांनी कधी मस्करी केली नाही. मला मात्र ते सगळं पोरखेळ वाटायचं. मी फोन घेतला तर "वाजवा" म्हणताना ओशाळायचो, आणि कधीकधी म्हणायचोच नाही.

एकदा पुण्याहून दोन तरुण आम्हाला शिकवायला आले होते. चोर आता कोणाचाही आवाज कसा हुबेहूब काढतात, हे त्यांनी संगणकावर करून दाखवलं. आमच्या नागपूरच्या साहेबांच्या आवाजात संगणक म्हणाला, "काम हो गया, लाइन चालू करो." खोलीत हशा पिकला. मंदाताई हसल्या नाहीत. उठल्या, माठातलं पाणी प्यायल्या आणि त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. का, ते मी विचारलं नाही. दर दसऱ्याला त्या पहिल्या एसटीने आर्वीला जातात आणि कोणाला सोबत नेत नाहीत, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

आता खंडेनवमीचं सांगतो.

खंडेनवमीला हत्यारांची, यंत्रांची पूजा. आमची हत्यारं म्हणजे संगणक. पूजा ताईच करायच्या आणि त्यांचा दंडक असा, की पूजलेल्या यंत्राला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. कामापुरता एक संगणक बाजूला ठेवायचा, बाकी तिघांना हळद-कुंकू, झेंडूचा हार, पुढ्यात नारळ. त्या सकाळी बंदरातल्या खोलीत दुरुस्ती असल्याने ती बंद होती आणि सगळा ताबा आमच्याकडे होता. सॉफ्टवेअरवाले आदल्या दिवसापासून चौथ्या संगणकावर काम करत होते. नऊ वाजता त्यांचा फोन आला, आमचं झालं, वायर काढा. मी वळून पाहिलं तर चौथ्या संगणकाची पूजा झाली होती. निळी वायर हाराखालून गेलेली, तिच्यावर अक्षता, शेजारी नारळ. मी म्हटलं, एक दिवसाने काय होतंय. उद्या काढू.

आरती सुरू व्हायची होती. कुंकवाने भरलेले हात वर धरून ताईंनी पाठमोऱ्याच विचारलं, "पंकज, वायर खिळ्यावर आहे ना?"

"हो ताई," मी म्हणालो.

का म्हणालो? पूजा मोडायला नको म्हणून. रोज रोज खिळा, खिळा ऐकून कंटाळलो होतो म्हणूनही. चार वर्षांत त्यांनी ती एकच वेळ स्वतः वळून पाहिलं नाही, कारण हात भरलेले होते आणि समोर देव होता. आरतीच्या मध्येच परबांचा फोन आला, तीन नंबरमध्ये आत सफाईला उतरतोय, स्विच बंद आहे. टाळ्यांच्या गोंगाटात मी "ठीक" म्हणून ठेवून दिला.

साडेअकराच्या सुमारास मी प्रसादाचं खोबरं खात होतो. ताई कामाच्या संगणकासमोर बसल्या होत्या. त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "पंकज, तो बाण कोण हलवून राह्यलं?"

चौथ्या संगणकासमोर कोणी नव्हतं. हाराच्या मागे पडदा उजळलेला होता आणि त्यावरचा बाण सरकत होता. सावकाश, एखादा माणूस पत्ता शोधत फिरतो तसा. तो एका चौकोनापाशी थांबला. भिंतीवरच्या पडद्यावर थंड कंटेनरांची एक रांग हिरव्याची लाल झाली. मग दुसरी. मग क्रेनची ओळ गेली.

"वायर?" ताईंनी विचारलं.

त्यांनी खिळ्याकडे पाहिलं. रिकामा खिळा पाहिल्यावर त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"परब कुठी आहे?"

"तीन नंबरमध्ये. आत."

"चाबी वाजवली त्यानं?"

"मी... विचारलं नाही ताई."

बाण तीन नंबरकडे निघाला होता. तो स्विच बंद होता म्हणजे आता त्याचं एकच करता येत होतं, चालू करणं. परबांचे हात या घडीला तिथल्या तांब्याच्या पट्ट्यांवर होते. चावी खिशात असेल तर माणूस जगेल, भोकात असेल तर नाही, आणि कुठे आहे हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

ताईंनी झडप घालून निळी वायर ओढली. हार तुटला, नारळ खाली पडून टेबलाखाली गेला. चौथ्या पडद्यावरचा बाण थांबला. मी सुस्कारा सोडणार, तोच कामाच्या संगणकावरचा बाण आपोआप हलायला लागला. चोर एका संगणकातून दुसऱ्यात आधीच शिरला होता आणि येण्याजाण्याची दुसरी वाटही त्याने करून ठेवली होती.

आता एकच उपाय उरला होता. बंदराकडे जाणारी मुख्य तारच काढायची. पण ती काढली की आम्ही आंधळे. बंदरावर कोणाचीच नजर राहणार नाही. म्हणून त्याला साहेबांची परवानगी लागायची. मी फोन लावून दिला. साहेबांचा आवाज मला लांबूनही ऐकू येत होता. "बिलकुल नहीं! जहाज लगा है, सब ब्लाइंड हो जाएगा! रुको, पुणे की टीम देख रही है, मैं बोलूँ तब तक हाथ मत लगाना!"

"साहेब, आत माणूस आहे."

"मैं बोल रहा हूँ ना, रुको!"

"फोन ठेवा, मी करते," मंदाताई म्हणाल्या. आणि फोन ठेवून त्यांनी तार उपसली.

सगळे पडदे एकदम काळे झाले. समईची वात तेवढी हलत होती.

तीन नंबरच्या वीजघरात एक तारेचा फोन आहे. आत मोबाइल नेता येत नाही. ताईंनी तो नंबर फिरवला. घंटा वाजत राहिली, कोणी उचलला नाही. पुन्हा फिरवला. मी दुसऱ्या फोनवरून बंदराच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याला गाठलं, तीन नंबरमध्ये धावत जा म्हटलं. तो म्हणाला, जातो, सायकल आहे. मी विचारलं, किती वेळ लागेल. तो निघूनही गेला होता. ताईंनी तिसऱ्यांदा फिरवला, चौथ्यांदा. त्यांचा कुंकवाने लाल झालेला अंगठा फोनच्या आकड्यांवर ठसे उमटवत होता. त्या काही पुटपुटत नव्हत्या, देवाचं नावही घेत नव्हत्या. मी मात्र मनातल्या मनात परबांची बायको, परबांची मुलं अशी मोजदाद करत होतो, आणि त्यांना किती मुलं आहेत हेसुद्धा मला माहीत नाही असं लक्षात आलं.

सातव्या की आठव्या वेळी कोणीतरी उचलला. पलीकडे धापा टाकल्याचा आवाज.

ताईंनी नाव विचारलं नाही, कसा आहेस म्हणून विचारलं नाही. "तीन नंबर," त्या म्हणाल्या. "वाजव."

पलीकडे काहीतरी खसफसलं. मग ते घुमणारं, जाड पितळेचं घुंगरू वाजलं. इतकं स्वच्छ, की दोन हात लांब उभ्या असलेल्या मलाही ऐकू आलं. एकदा, दोनदा, तीनदा.

मंदाताई खाली जमिनीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडल्या. फोनमधून परब ओरडत होते, "ताई? अहो ताई, काय झालं? दिवे गेले म्हणून मी बाहेर गेलो होतो, घंटा ऐकून पळत आलो, ताई?" शेवटी मी फोन घेतला. चावी खिशात का ठेवलीत, असा वेड्यासारखा प्रश्न मी त्यांना विचारला. परब म्हणाले, "तुम्ही विचारलं नाहीत, पण ताई विचारतीलच ना नंतर. सवय लागली त्यांची."

नंतर नोंदी तपासल्या तेव्हा कळलं, आम्ही तार उपसण्याआधी चोराने तीन नंबर चालू करण्याचा हुकूम तीनदा दिला होता. तिन्ही वेळा स्विचने नकार दिला होता, कारण त्याची चावी परबांच्या पॅंटच्या खिशात होती. पुढचे दोन तास ताईंनी डोळे पुसत, कागदी नकाशे जमिनीवर पसरून, फोनवरून एकेक स्विच हाताने चालू करवून घेतला. प्रत्येक वेळी आधी घुंगरू. कोळंबी वाचली, जहाज वेळेवर सुटलं. मग त्यांनी टेबलाखालचा नारळ काढला, पुसला आणि जागेवर ठेवला.

संध्याकाळी वहीत लिहिलं ते असं: 'निळी वायर खिळ्यावर नव्हती. पंकजने आहे असे सांगितले. मी स्वतः पाहिले नाही. दोघांची चूक.' साहेबांनी ते पान फाडायला सांगितलं, चौकशीत कंपनीची नाचक्की होईल म्हणून. ताई म्हणाल्या, "पान फाडलं तं पुढच्याले समजन कसं?" पान राहिलं. त्यांच्याबद्दल वाटणारा माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. लाज तेवढी उरली.

घरी निघताना त्या म्हणाल्या, "उद्या गाडी रिकामी आहे ना तुही? आर्वीले चाल माह्यासंग."

दसऱ्याच्या सकाळी आम्ही मोटारसायकलवर निघालो. वाटेत दोन्ही बाजूंना सोयाबीनच्या गंजी लागलेल्या. ताई मागे आपट्याच्या पानांची पिशवी धरून बसल्या होत्या. अर्ध्या वाटेवर एका टपरीपाशी चहाला थांबलो तेव्हा म्हणाल्या, "सकाळी साहेबाचा फोन आलता. उद्यापासून येऊ नका म्हणे. हुकूम मोडला म्हणून."

"मग? काय म्हणालात तुम्ही?"

"काय म्हणीन? फोन ठेवा म्हटलं, मी करते. ठेवला, वहीतून नंबर काढला, परत लावला. साहेबच होते. खरंच काढलं मले." असं म्हणून त्यांनी बशीतला चहा संपवला. मला हसू आलं.

आर्वीच्या एसटी डेपोपासून थोडं पुढे बैलांच्या साजाचं एक दुकान आहे. दोर, वेसणी, घुंगरांच्या माळा छतापासून लोंबणाऱ्या. गल्ल्यावर एक पांढऱ्या मिशांचा माणूस बसला होता. शर्टाची उजवी बाही कोपरापासून दुमडून पिनेने टाचलेली. आत हात नव्हता.

"हे गजाननभाऊ," ताई मला म्हणाल्या. "लाइनमन होते. मी ड्युटीवर होती. फोन आला, 'काम झालं ताई, लाइन चालू करा.' आवाज मले ह्यांचाच वाटला. म्या चालू केली. आवाज दुसऱ्या लाइनवरच्या माणसाचा होता. हे खांबावरच होते."

इतकी वर्षं जे कोणाला सांगितलं नाही ते त्यांनी उभ्या उभ्या, मीटरचं रीडिंग सांगावं तसं सांगितलं. गजाननभाऊ म्हणाले, "अरे, ह्या बाईले दरसाल सांगतो, झालं गेलं सोड म्हणून. आयकतच नाई. मंग म्याच म्हटलं, बाई, आवाजावर भरोसा नको ठेवू, घुंगरावर ठेव. बैल दिसत नसला तरी तो कुठी आहे हे शेतकऱ्याले घुंगरावरूनच समजते." त्यांनी ताईंकडे पाहिलं. "काऊन, डोळे सुजले तुहे?"

ताईंनी आपट्याची पानं त्यांच्या डाव्या हातात दिली आणि तो हात सोडला नाही. "भाऊ, काल माणूस आत होता," त्या म्हणाल्या. "वाचला."

गजाननभाऊंनी विचारलं, "कोणतं वाजलं?"

"तीन नंबरचं."

"जाड पितळेचं," ते म्हणाले आणि पानांसकट डावा हात त्यांनी ताईंच्या डोक्यावर ठेवला.

ताईंनी मलाही सोनं दिलं. मी ते घ्यायला हात पुढे करू शकलो नाही, तेव्हा त्यांनी माझ्या शर्टाच्या खिशात पानं कोंबली. "तुह्या जागी मी होती पंकज एकदा. माह्या जागी तू राह्यशीन आता. खिळ्याकडे पाहत जाजो." मग म्हणाल्या, "तू जा. मी बसनं येते. बंदरात चौथं वीजघर बांधून राह्यले, त्याची चाबी येईन आता."

ते वीजघर सुरू होईल तेव्हा तिथून येणारा फोन त्या घेणार नव्हत्या. त्या खोलीत पुन्हा पाऊलही टाकणार नव्हत्या. हे मलाही ठाऊक होतं, त्यांनाही. नंतर त्या आपल्या मुलीकडे राहायला गेल्या आणि आमची पुन्हा भेट झाली नाही.

मी गाडीला किक मारली आणि मागे वळून पाहिलं. ताई दुकानाच्या पायरीवर डोळे मिटून बसल्या होत्या. गजाननभाऊ डाव्या हाताने त्यांच्या कानाशी एक घुंगरू हलवत होते. ताईंनी मान हलवली.

"नाई," त्या म्हणाल्या. "हे दोन नंबरसारखं वाजते. दुसरं दाखवा."